अमेरिकन बोंडअळी अमेरिकेत पोहोचते तेव्हा

हरभऱ्याच्या घाट्याला गोल भोक पाडायचं, निम्मं अंग आत घालायचं, निम्मं बाहेर ठेवायचं आणि निवांत दाणा खायचा, अशी सवय असलेली अळी आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळी दाखवावी लागत नाही. हरभऱ्यावर ती घाटेअळी. तुरीवर तिलाच शेंगा पोखरणारी अळी म्हणतात, टोमॅटोवर फळ पोखरणारी, आणि कपाशीवर गेली की ती हिरवी बोंडअळी किंवा अमेरिकन बोंडअळी होते. पिकं चार, नावं पाच, पण कीड एकच. शास्त्रज्ञांच्या दप्तरी तिची नोंद हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा अशी आहे.

यातलं ‘अमेरिकन’ हे नाव मोठं गमतीचं आहे. कारण ही कीड मुळात अमेरिकेची नाहीच. आशिया, आफ्रिका, दक्षिण युरोप आणि ऑस्ट्रेलिया हा तिचा मुलूख. अमेरिकेत राहते ती तिची बहीण, हेलिकोव्हर्पा झिआ. तिकडे ती मुख्यतः मक्याच्या कणसात सापडते. या दोघींच्या पतंगांमध्ये इतकं साम्य आहे की कितीतरी वर्षं त्या एकाच नावाखाली वावरत होत्या. नुसत्या डोळ्यांनी त्यांना वेगळं काढणं भल्याभल्या कीटकतज्ज्ञांनाही जमत नाही. मग त्या दोन आहेत हे ठरवलं कुणी, आणि कसं? आणि समजा एक असल्या काय किंवा दोन असल्या काय, त्यानं बिघडतं काय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ब्राझीलच्या शेतकऱ्यांनी चांगलं महाग मोजून मिळवलं आहे. त्यामुळे आधी तिकडेच जाऊ.

ब्राझीलच्या पूर्वेकडे बाहिया नावाचं राज्य आहे. त्याच्या पश्चिम भागात कापूस आणि सोयाबीनची अफाट मोठी शेती चालते. २०१२-१३च्या हंगामात तिथे अळ्यांचा असा काही उद्रेक झाला, की नेहमीच्या फवारण्यांना त्या दाद देईनात. पाहणाऱ्यांना अळी ओळखीची वाटत होती. मक्यावरची झिआ पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या परिचयाची. पण मक्यात समाधान मानणारी ही अळी एकाएकी सोयाबीनच्या आणि कपाशीच्या इतकी मागे का लागावी, आणि तिच्यावर हमखास लागू पडणारी औषधं का चालू नयेत, हे कोडं सुटत नव्हतं. २०१३च्या सुरुवातीला तिथल्या संशोधकांनी पतंगांचे नमुने घेऊन बारकाईनं तपासले. ती झिआ नव्हतीच. ती होती आपली घाटेअळी, आर्मिजेरा. त्याच वर्षी ब्राझील सरकारनं या किडीपायी आणीबाणी जाहीर केली. अमेरिकन बोंडअळी अशा तऱ्हेनं खरोखरच अमेरिकेत पोहोचली होती.

नाव चुकलं की उपाय कसा चुकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. झिआ पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना पुष्कळच बळी पडते. आर्मिजेरा मात्र त्या औषधांना पचवण्यात तरबेज. आपल्याकडे १९८७-८८च्या हंगामात आंध्र प्रदेशातल्या कापूस पट्ट्यात याचा फार कडवट अनुभव आला होता. फवारणीवर फवारणी झाली आणि अळी जिथल्या तिथे. म्हणजे एका बहिणीसाठी लिहिलेली औषधाची चिठ्ठी दुसरीला दिली, तर पैसाही जातो आणि पीकही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. या दोघींना वेगळं ओळखायचं कसं?

फुलपाखरं आपण पंखांवरच्या नक्षीवरून ओळखतो. पतंगांच्या बाबतीतही सुरुवात तिथूनच होते. पण या घराण्यात पंख फारसे उपयोगी पडत नाहीत. दोघींचे पुढचे पंख फिकट पिवळसर ते तपकिरी, मागच्या पंखांच्या कडेला काळपट पट्टा. एकाच मादीच्या पोटची पिल्लंसुद्धा रंगानं कमी-अधिक गडद निघतात. त्यात पतंग सापळ्यात सापडलेला असला, तर धडपडीत त्याच्या पंखांवरचे खवले झडून गेलेले असतात. अळीच्या रंगाबद्दल तर बोलायलाच नको. घाटेअळी हिरवी असते, तपकिरी असते, गुलाबी असते, पिवळसर असते. ‘हिरवी बोंडअळी’ या नावावर भिस्त ठेवून शेतात जाणाऱ्याची फसगत ठरलेली.

तेव्हा कीटकशास्त्रज्ञ दुसरीकडे पाहतात. ते पतंगाच्या पोटाच्या टोकाशी असलेली जननेंद्रियं तपासतात. रेडिओवर किंवा रविवारच्या सकाळी वर्तमानपत्रात हा विषय काहींना चमत्कारिक वाटेल, पण गेली शंभरहून अधिक वर्षं जगभरातले पतंगांचे अभ्यासक हेच करत आले आहेत. कीटकाच्या शरीराचा हा भाग कायटिन नावाच्या टणक पदार्थाचा बनलेला असतो. त्याचे आकार, आकडे, काटे, घड्या या जातीगणिक बदलतात, आणि एकाच जातीत मात्र बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. पंख सारखे असलेल्या दोन पतंगांची ही इंद्रियं पुष्कळदा ठळकपणे वेगळी निघतात.

असं का असावं? लेओं द्यूफूर या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं १८४४मध्ये याचं एक साधं उत्तर सुचवलं होतं. कुलूप आणि किल्ली. दर जातीच्या मादीचं कुलूप वेगळं, म्हणून नराची किल्ली वेगळी; परक्या जातीची किल्ली चालतच नाही. उत्तर इतकं झकास होतं की ते खूप काळ टिकलं. पुढे लक्षात आलं की, पुष्कळ ठिकाणी परकी किल्लीही चालून जाते. त्यामुळे आता बरेच शास्त्रज्ञ असं मानतात की, नरानरांमधली चढाओढ आणि मादीची निवड यांतून हे आकार भराभर बदलत गेले असावेत. वाद अजून मिटलेला नाही. परकी किल्ली चालते, एवढं मात्र ध्यानात ठेवा; त्याच्याशी आपल्याला पुढे काम पडणार आहे.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. यासाठी नर लागतो. माद्यांमधले फरक फार सूक्ष्म असतात. सुदैवानं कामगंध सापळ्यात येतात ते नरच, कारण त्यातल्या ल्यूरला मादीचा वास लावलेला असतो. वाळलेल्या पतंगाचं पोट अलगद मोडून घ्यायचं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात गरम करायचं, किंवा रात्रभर थंडच भिजवून ठेवायचं. मांस, चरबी असं जे जे मऊ ते विरघळून जातं. कायटिनचा सांगाडा तेवढा राहतो. तो पाण्यात धुवायचा आणि बारीक कुंचल्यानं खवले झाडून टाकायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन चिमट्यांनी जननेंद्रिय ओढून वेगळं करायचं. त्याला दोन बाजूंना दोन पाकळ्यांसारखे भाग दिसतात. त्यांनी नर मादीला धरून ठेवतो. मधोमध एक नळी असते.

खरी गोम या नळीत आहे. तिच्या आत पातळ पडद्याची एक पिशवी घडी घालून ठेवलेली असते. रबरी हातमोज्याचं बोट कधीकधी उलटं आत जातं, ते आपण फुंकर मारून बाहेर काढतो ना, तसंच इथे करायचं. फुंकरीऐवजी अगदी बारीक सुईच्या पिचकारीतून अल्कोहोल सोडायचं. पिशवी फुगत बाहेर येते आणि स्प्रिंगसारखी वेटोळी होऊन उभी राहते. आता तिच्या बुडाशी पाहायचं. तिथे एकच फुगवटा असला तर तो पतंग आर्मिजेरा. तीन फुगवटे असले तर झिआ. दोन खंडांतल्या शेतकऱ्यांचं नशीब ज्या फरकावर अवलंबून आहे, तो फरक हा एवढासा. पिशवी फाटली की नमुना बाद. हात बसायला महिनोन्‌महिने जातात, आणि असे बसलेले हात दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत.

डेव्हिड हार्डविक या कॅनडाच्या कीटकशास्त्रज्ञानं हे काम निष्ठेनं केलं. या घराण्यातल्या पतंगांची जननेंद्रियं एकामागून एक तपासून १९६५मध्ये त्यानं जो ग्रंथ लिहिला, त्यानं या साऱ्या गोतावळ्याची नव्यानं मांडणी झाली. हेलिकोव्हर्पा हे नावही तिथूनच आलं. त्याआधीच्या जुन्या पुस्तकांत हीच कीड हेलिओथिस या नावानं भेटते, म्हणून आपल्याकडचे जुने कृषी अधिकारी अजूनही तिला हेलिओथिस म्हणताना आढळतात.

पण चिमट्याच्या या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे. अळीला जननेंद्रियं नसतात. अंड्याला तर नसतातच. बंदरावर उतरलेल्या फळांच्या पेटीत एखादी अळी सापडली, तर तिचा पतंग होईपर्यंत जहाज थांबवून ठेवायचं का? इथे जनुकशास्त्र मदतीला येतं.

कॅनडातल्याच ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट यांनी २००३मध्ये एक कल्पना मांडली. दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर काळ्या रेघांचा बारकोड असतो, तसा प्रत्येक प्राण्याच्या डीएनएमध्ये एखादा छोटा तुकडा शोधायचा, जो जातीगणिक वेगळा असेल. त्यांनी निवडलेला तुकडा साधारण साडेसहाशे अक्षरांचा आहे. ही अक्षरं म्हणजे डीएनएमधली ती प्रसिद्ध चौकडी, ए, टी, जी आणि सी. हेबर्ट स्वतः पतंगांचे शौकीन. आपली कल्पना त्यांनी आधी फुलपाखरं-पतंगांच्या गटातल्या दोनशे जवळजवळच्या जातींवर तपासली आणि सगळ्या बरोबर ओळखल्या गेल्या. या पद्धतीला पतंगाचा एक पाय पुरतो. अळीचा तुकडा चालतो, अंडं चालतं.

आर्मिजेरा आणि झिआ यांच्या बाबतीत याच जातीच्या डीएनएची तुलना २००७मध्ये प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलिया, चीन, आफ्रिका, भारत अशा दूरदूरच्या प्रदेशांतून आर्मिजेराचे नमुने गोळा केले होते. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे के. आर. क्रांती हेही होते. निष्कर्ष दोन निघाले. एक असा की, हजारो मैलांचं अंतर असूनही आर्मिजेरा सगळीकडे एकच आहे. विदर्भातली वेगळी आणि ऑस्ट्रेलियातली वेगळी असं काही नाही. आणि दुसरा असा की, झिआ तिच्यापासून सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. बहुधा आर्मिजेराच्या पूर्वजांतले थोडेसे पतंग कधीतरी अमेरिकेत पोहोचले आणि तिथेच अडकून पडले. सहा वर्षांनी बाहियातल्या अळ्यांचा डीएनए वाचायची वेळ आली, तेव्हा पडताळायला ही अशी माहिती हाताशी तयार होती. कुणी विचारतं, असल्या संशोधनाचा उपयोग काय? त्याला हे सांगायला हरकत नाही.

ब्राझीलची एक गोष्ट सांगायची राहिली. आर्मिजेराची ओळख पटल्यावर संशोधकांनी आपल्याच संग्रहालयांतले जुने खण उघडले आणि झिआ अशी चिठ्ठी लावलेल्या टाचणीवरच्या पतंगांची जननेंद्रियं तपासली. त्यांत २००८च्या ऑक्टोबरमध्ये पकडलेली आर्मिजेरा निघाली. म्हणजे निदान चार वर्षं पाहुणी घरात वावरत होती, तिचा फोटोही खणात ठेवलेला होता, आणि कुणी तिला परकी म्हणून ओळखलं नाही. दरम्यान ती भरपूर पसरून गेली. एक मादी हजाराहून अधिक अंडी घालू शकते, आणि शंभरहून अधिक वनस्पती तिला चालतात. ती आली कशी? शेतमालाच्या व्यापारातून, आणि बहुधा एकदाच नव्हे तर अनेकदा, असं आता दिसतं.

इथवर सगळं सरळ आहे. फुगवटे मोजा किंवा बारकोड वाचा. दोन्ही साक्षीदार एकच सांगतात. घोटाळा पुढे आहे, आणि मला तो या साऱ्या प्रकरणातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

पंधरा लाख वर्षं एकमेकींपासून दुरावलेल्या या बहिणी ब्राझीलच्या शेतात पुन्हा भेटल्या. परकी किल्ली चालते, असं मघाशी म्हटलं ते इथे लागू झालं. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत रशियातून आणलेल्या आर्मिजेराचा स्थानिक झिआशी संकर घडवून पाहिला होता आणि त्यांची संततीही वांझ निघाली नव्हती. हे १९९५मध्ये छापून आलेलं आहे. प्रयोगशाळेत घडलं ते शेतात घडेल का, एवढाच प्रश्न होता. २०१८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेल्या अभ्यासात दोन्ही जातींचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, आणि ब्राझीलमधून आणलेल्या नमुन्यांत संकर स्पष्ट दिसला. दोघींची मिसळ झाली होती, आणि प्रत्येक नमुन्यात मिसळीचं प्रमाण निराळं होतं.

बारकोडला हे का दिसू नये? कारण बारकोडचा तो तुकडा पेशीच्या केंद्रात नसतो. तो असतो मायटोकॉन्ड्रिया नावाच्या कणांमध्ये, पेशीच्या वीजघरांत म्हणा हवं तर. आणि ही वीजघरं अपत्याला फक्त आईकडून मिळतात. आई आर्मिजेरा, बाप झिआ असलेल्या अळीचा बारकोड वाचला, तर तो ठणकावून सांगणार, ही आर्मिजेरा. बापाचं नाव त्याच्या कागदावर नसतंच. आपल्याकडच्या कागदपत्रांच्या अगदी उलट.

या मिसळीत काय काय इकडून तिकडे गेलं, हे कळलं तेव्हा शेतीशास्त्रज्ञ चिंतेत पडले. आर्मिजेराकडे एक अजब जनुक आहे. तिच्या दोन शेजारी जनुकांची मोडतोड होऊन, एकाचं तोंड आणि दुसऱ्याचं धड चिकटून ते तयार झालं. त्याचा शोध २०१२मध्ये जाहीर झाला. हे जोडजनुक फेनव्हलरेटसारख्या पायरेथ्रॉइड औषधाचा फडशा पाडणारं विकर बनवतं. दोन मूळ जनुकांपैकी एकालाही हे साधत नाही. झिआकडे हे जनुक नव्हतं. संकरातून ते तिला मिळालं, आणि ब्राझीलमधल्या झिआमध्ये काही वर्षांत ते झपाट्यानं पसरलं. २०२०च्या एका अभ्यासानं हे दाखवून दिलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही महत्त्वाची आहे. आर्मिजेराकडून आलेला बाकीचा बराचसा वारसा झिआमधून हळूहळू गळून चालला होता. उपयोगी पडलेलं ते जनुक मात्र टिकलं. म्हणजे दोघी मिसळून एक झाल्या नाहीत. झिआ झिआच राहिली, फक्त बहिणीचं एक हत्यार तिनं ठेवून घेतलं.

त्यामुळे आता नुसतं ‘ही कोण?’ असं विचारून भागत नाही. ‘हिच्यात कुणाचं काय आहे?’ हेही विचारावं लागतं. २०१५मध्ये फ्लोरिडातल्या सापळ्यात आर्मिजेराचे मोजके पतंग सापडले तेव्हा उत्तर अमेरिकेतही धावपळ झाली. अडचण अशी की दोन्ही जातींचे नर एकाच ल्यूरला भुलतात. सापळ्यात झिआचे ढीगच्या ढीग येतात आणि त्यांतला एखादाच आर्मिजेरा असू शकतो. म्हणून अनेक पतंगांचे पाय एकत्र करून त्यांचा डीएनए तपासायच्या युक्त्या निघाल्या. एकेका पतंगाची पिशवी फुगवत बसायला एवढे हात आणायचे कुठून?

असा प्रवास उलट दिशेनंही होतो, आणि तो आपल्या दारापर्यंत आला आहे. अमेरिकन लष्करी अळी ही मात्र नावाप्रमाणे खरीच अमेरिकेची. २०१६मध्ये ती आफ्रिकेत आढळली. २०१८च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोगा परिसरात मक्यावर दिसली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात येऊन पोहोचली. ही अळी ओळखायला तुलनेनं सोपी. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. कृषी खात्याच्या पत्रकांमुळे ही खूण गावोगाव पोहोचली. पण हिचेही दोन वंश आहेत. एक मक्याकडे ओढा असलेला आणि दुसरा भाताकडे. हे दोघे तर चिमट्यालाही दाद देत नाहीत. त्यांना वेगळं काढायचं ते जनुकांवरूनच.

भारतातल्या नमुन्यांचा बारकोड वाचला, तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर आलं, भाताचा वंश. भात पिकवणाऱ्या देशात ही बातमी साधी नव्हती. मग पेशीच्या केंद्रातलं, लिंगगुणसूत्रावरचं एक जनुक तपासलं गेलं. पतंगांमध्ये माणसाच्या उलट प्रकार असतो. नराकडे सारख्या गुणसूत्रांची जोडी असते, मादीकडे विजोड. त्यामुळे मादीला हे जनुक बापाकडून येतं. त्या जनुकानं सांगितलं, मक्याचा वंश. आफ्रिकेतल्या नमुन्यांतही हाच विरोधाभास निघाला होता. याचा अर्थ, इकडे आलेली फौज कधीकाळी झालेल्या संकरातून निपजलेली. आईकडची खूण भाताची, बाकीचा पिंड मक्याचा. नुसत्या बारकोडवर विसंबून राहिलं असतं, तर भाताच्या खाचरांत पहारा बसला असता. शेतकऱ्यांना ती दिसत होती मक्याच्या पोंग्यात, आणि काही ठिकाणी ज्वारीवर नि उसावर.